प्रसंग पहिला : शंभर घोडे

नारीनच्या बाजारात, चार्जर विकायच्या टपरीमागे
नुरझात शाळेच्या चौकटीच्या वहीत लिहिते :
प्रसंग पहिला. बाह्य. पहाट.
बर्फातून शंभर घोडे उधळत येतात.

लिहायला काही पैसे पडत नाहीत.
पेनसुद्धा बँकेतून ढापलेलं.

सगळ्यांचे मिळून जमलेत एकतीस हजार सोम.
त्यात कॅमेरा, तीन दिवस भाड्याने,
बिश्केकहून मिनीबसमध्ये स्वतःचं तिकीट काढून आलेला,
आणि चौघांचं जेवण.
मिर्लान मासे धरायच्या काठीला माइक बांधतोय,
चिकटपट्टी दातांनी तोडत विचारतो, शंभरच का?
ती एक शून्य खोडते.
तो पुढे काहीच बोलत नाही.
ती दुसरंही खोडते.

एक घोडा.
तो आहे सादिरच्या चुलत्याकडे,
म्हणजे घोडी आहे, आणि गाभण आहे,
आणि चुलता म्हणतो, ती पळणार नाही.
पळवलीत तर मी पळेन, तुमच्यामागे.
इथेच घोडं पेंड खातं म्हणतात, तशी
ती खरोखरच खात उभी,
सिनेमाकडे पाठ करून.

रात्री नुरझात पुन्हा लिहिते :
प्रसंग पहिला. बाह्य. पहाट.
बर्फात टापांचे ठसे.
एक माणूस ते बघतो.
आणि तिला जराशी भीती वाटते,
कारण हे आधीपेक्षा चांगलं झालंय.

ठसे मिर्लानने केले. जुना नाल काठीला ठोकून
पाऊण तास वाकून, मागे मागे चालत,
स्वतःच्या बुटांच्या खुणा झाडूने पुसत.
मध्येच एका जागी घोडा तीन पायांचा झालाय.
राहू दे.

उणे एकोणीस.
बॅटरी बाहेर काढली की मरते.
दुसरी कुठेय म्हणून सगळे जीप उलथीपालथी करतात,
ती सादिरच्या काखेत.
तोही शोधत होता.

माणूस म्हणजे ओमुरबेक. ट्रकची इंजिनं उघडतो.
कॅमेऱ्याकडे बघू नका म्हटलं
की फक्त कॅमेऱ्याकडे बघतो.
हिवाळ्यात लोक तिथे फरची टोपी घालतात,
पण सिनेमा आहे म्हणून
हा ठेवणीतली, पांढऱ्या नमद्याची घालून आलाय.
तिला तिकडे कल्पक म्हणतात.
वाक्य एकच दिलंय त्याला : ती परत येईल.
सकाळपासून ते पुटपुटतोय
पाना हरवल्यासारखं.

चालू.
ओमुरबेक ठशांपाशी येतो. थांबतो.
भुरभुर सुरू होते, जी वहीत नव्हती.
ठसे बुजायला लागतात.
तो वाकतो,
डोक्यावरचा कल्पक काढतो
आणि एका ठशावर झाकून ठेवतो.
फक्त एका.
मग टक्कल उघडं ठेवून उभा राहतो.

मिर्लानची काठी थरथरते.
थांबा म्हणायचं असतं नुरझातला, ती म्हणत नाही,
बॅटरीच म्हणते.

पुन्हा करू का, ओमुरबेक विचारतो,
कान लाल, ओशाळून,
मी बोलायचं विसरलो.

वहीतलं वाक्य ती खोडते.
हे शून्य नव्हतं,
तरी हात थरथरत नाही.

सामान जीपमध्ये चढलेलं,
कॅमेरा ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला,
तेव्हा वळणावरून चुलता येताना दिसतो,
घोडी धुतलेली, आयाळ विंचरलेली, लाल लोकर बांधलेली.
घ्या, म्हणतो, आणली. पण सावकाश चालवा.
वरात कधीच निघून गेलेली.
कोणीच काही बोलत नाही.
घोडी पुढे येते,
तिच्या नावाने केलेल्या ठशांवरून
सगळं मोडत, चारी पायांनी.

नुरझात तिला अर्धी रोटी देते.
उरलेली अर्धी चौघांत,
शिवाय ओमुरबेक, शिवाय चुलता.

आता प्रसंग दुसरा.
त्यात एक आगगाडी आहे.
नारीनला आगगाडी येत नाही.